दुसऱ्या गाण्यातला श्वास

दातांच्या डॉक्टरांना एक सोय असते: समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि त्याला मध्येच बोलता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी ती पुरेपूर वापरली. पेशंट आडवा झाला, गालात कापूस गेला, यंत्रं सुरू झाली, की कोपऱ्यातला स्पीकरही सुरू व्हायचा.

"हे ऐका. 'बिनपंख्याची खोली'. या पोरीला कुणी ओळखत नाही. घरी बसून एकटीनं अल्बम केलाय, नुसती गिटार आणि गळा. पण दुसऱ्या गाण्यात मागे एक श्वास आहे बघा. लांब, ओला, रडून दमलेल्या माणसासारखा. अख्खा अल्बम त्या श्वासावर उभा आहे."

पेशंट "आँ" म्हणायचा. डॉक्टर तो होकार धरायचे.

ज्यांनी घरी जाऊन ऐकलं त्यांना श्वास काही सापडला नाही. पण आपला कान जाड आहे हे कबूल कोण करणार? पुढच्या खेपेला ते "काटा आला हो अंगावर" म्हणत खुर्चीत बसायचे. डॉक्टरांच्या मेव्हण्यानं तर आपल्या ऑफिसात तो श्वास स्वतःच शोधल्याचं सांगून टाकलं.

राहता राहिले सासरे. निवृत्त न्यायाधीश. जावयाची ओळख ते "आमचे दातवाले" अशी करून देत आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळत. डॉक्टरांना ते फार लागायचं. आपल्याला कान आहे, मन आहे, हे या एका माणसानं मान्य करावं. बाकीचं जग गेलं उडत.

सासऱ्यांनी अल्बम ऐकला, तोही साक्षीदार तपासावा तसा. मग फोन केला. "रविवारी या. श्वास समक्ष दाखवा."

रविवारी दिवाणखान्यात सगळे बसले. गाणं लागलं. गिटार, गळा, पुन्हा गिटार.

"आला!" मेव्हणा ओरडला. "गेला बघा आत्ता."

"कुठून?" सासऱ्यांनी विचारलं.

"असा… डावीकडून."

डॉक्टरांना मात्र घाम फुटला होता. त्यांनाही काहीच ऐकू आलं नव्हतं.

"बाबा, तुमचा स्पीकर जुना झालाय."

"गेल्याच महिन्यात घेतलाय." सासऱ्यांनी गाणं बंद केलं. "जावईबापू, तुम्ही आपल्या दाढाच बघा."

दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आत डॉक्टरांनी दवाखान्यात एकट्यानं गाणं लावलं. श्वास नाही. हताश होऊन ते खुर्चीची तयारी करायला लागले. लाळ ओढणारी नळी त्यांनी सुरू केली, आणि श्वास आला. लांब, ओला, रडून दमलेला.

नळी बंद केली. श्वास गेला. उरली एक बारीक आवाजाची पोरगी आणि तिची गिटार. खरं सांगायचं तर, डॉक्टरांना ते गाणं आवडलं नाही. त्यांनी नळी पुन्हा सुरू केली आणि त्यांचे डोळे भरून आले.

काउंटर सांभाळणारी बायको दारात उभी होती. "अहो, रिकाम्या खुर्चीत नळी कशाला चालू?" मग तिनं जरा ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे तुमचा तो श्वास…"

"बाबांना सांगशील तर बघ."

"सांगते कशाला? मलाही त्यांच्यासमोर जायचंय."

पुढे सासऱ्यांची दाढ दुखायला लागली. गाल धरून ते आले आणि खुर्चीत आडवे होताच म्हणाले, "ते गाणं नको."

"नको तर नको," डॉक्टर म्हणाले. तोंडात नळी गेल्यावर त्यांनी गाणं लावलं.

गाणं अर्ध्यावर आलं, गिटार हळू झाली आणि सासऱ्यांचा हात वर गेला. दुखलं वाटून डॉक्टर थांबले. पण बोट स्पीकरकडे होतं. "ऊं! ऊं!"

"आला ना, बाबा?"

सासऱ्यांनी मान हलवली. आयुष्यभर निकाल देताना न पाणावलेले डोळे पाणावले होते.

"शांत खोली लागते त्याला," डॉक्टर हळूच म्हणाले. "बैठकीत नाही यायचा तो."

दाढेचं काम कधीच उरकलं होतं. डॉक्टरांनी गाणं संपेपर्यंत नळी काढली नाही. सासऱ्यांची जीभ टाळूला चिकटली, ओठ कागदासारखे झाले. त्यांनी खुणेनं पाणी मागितलं, पेला रिकामा केला आणि जावयाचा हात धरला.

"पुन्हा लावा."

दारात येऊन उभी राहिलेली बायको हसू दाबत नाहीशी झाली. डॉक्टरांनी नळी पुन्हा तोंडात घातली.