दगडूमामाचं माप

गिरगावातल्या विजयकरांच्या चाळीत एखादं कपाट जिन्यातून वर चढेल की नाही, याचा निकाल दगडू परबाच्या तोंडून लागायचा. टेप-बिप काही नाही. हातात एक सुतळी, तिला फुटाफुटावर गाठी, आणि मधलं काय ते बोटांनी आणि वितीनं. जिन्याच्या वळणावर मान तिरकी करून, एक डोळा मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, "पाय काढा, उताणं घ्या. जाईल." जायचंच. "नाय जाणार" म्हणाला, तर लोक तिथूनच दुकानदाराला फोन लावायचे. माणूस सत्तरीचा झाला, पण त्याचं माप चुकलेलं चाळीत कुणी पाहिलं नव्हतं.

हा डोळा त्याला लालबागच्या गिरणीनं दिला. देवगडाकडून अठराव्या वर्षी आला आणि चार-पाच वर्षांत गिरणीच्या आवारातल्या ट्रॅक्टरवर बसला. मागच्या ट्रेलरवर कापसाच्या गाठी रचायच्या आणि अरुंद बोळांतून खात्याच्या दाराला नेऊन लावायच्या. ट्रेलर पुढे ओढायला काय, कुणीही ओढेल. मागे घेताना माणसाची परीक्षा. मागचं धूड डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे मारायचं, आणि ते वळतंय म्हणेपर्यंत सोडायचं. क्षणभर उशीर झाला, की ट्रेलर आणि ट्रॅक्टर कात्रीसारखे मिटलेच म्हणून समजा. दगडू चालू गप्पांत, विडी ओठात धरून हे करायचा.

संपात गिरणी गेली. भाऊसाहेब विजयकरांनी त्याला आपल्या फियाटवर ड्रायव्हर ठेवला. अंगणातल्या गॅरेजात फियाट असायची, दगडू लालबागला गाववाल्यांच्या खोलीत. पुढे फियाट भंगारात गेली त्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, "गाडी गेली म्हणून तू कशाला जातोस? गॅरेज रिकामं आहे. राहा." करार म्हणाल तर एवढाच. ना कागद, ना सही.

बायको रखमा गावी. सासूचं केलं, शेत सांभाळलं, मुलीला, दर्शनाला, वाढवून लग्न करून दिलं. दगडू गणपतीत आणि मे महिन्यात जायचा, पाहुण्यासारखा. सहा वर्षांमागे तिच्या पोटात गाठ निघाली आणि परळच्या हॉस्पिटलात उपचारासाठी ती मुंबईला आली. गॅरेजात चौदा महिने राहिली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली, पण नवरा-बायकोचा सलग संसार काय तो तेवढाच. शेवटी शेवटी तिला मान उचलवेना. "देव दिसणत नाय माका," म्हणाली. तेव्हा दगडू तिच्या शेजारी खाटेवर आडवा झाला, तिच्या उशीवर डोकं ठेवलं आणि तिथून नजर कुठे पडते ते बघून मागच्या भिंतीवर खूण केली. त्या खुणेवर फळी ठोकली, देव मांडले. फळी इतकी खाली, की आलागेला विचारायचा, "देव एवढे खाली का हो मामा?" रखमा गेली ती त्या फळीकडे बघतच.

भाऊसाहेबही गेले. आता मालक त्यांचा मुलगा हितेंद्र. ह्याला दगडूनं फियाटमधून शाळेत सोडलेलं. मुलगा स्वभावानं गोड, फोर्टात मोठी नोकरी. गेल्या दिवाळीत त्यानं एक शिडाची बोट घेतली. रविवारी मित्रांबरोबर बंदरात फिरवायची, एवढंच. मे महिना लागला तसा तो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला.

"काका, पावसाळ्याआधी बोट पाण्यातून वर काढावीच लागते. क्लबात जागा नाही. ट्रेलरसकट अठरा फूट आहे. आपल्या गॅरेजात मावेल का, बघून सांगाल?" मग जरा घुटमळून, "चार महिन्यांचा प्रश्न. दर्शनाताई कधीची बोलावतेय ना डोंबिवलीला? पण तुम्ही नाही मावत म्हणालात, तर विषय संपला. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

चार महिने म्हणजे किती, हे चाळीत कुणाला सांगायला नको होतं. गिरगावात एकदा मोकळी केलेली जागा म्हाताऱ्याला परत मिळाल्याचं कुणी ऐकलंय?

पहिल्या मजल्यावरची नलू सावंत गॅलरीतून सगळं ऐकत होती. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेली, तोंडानं तिखट. हितेंद्र वळला तशी खाली उतरलीच.

"मामा, सरळ सांगायचं नाही मावत म्हणून. कोण बघायला येतंय?"

"खोटा कसा सांगू गो? आजपर्यंत सांगलंय?"

"सांगायचं! एकदा सांगितलंत तर जीभ झडणार नाही तुमची."

दगडूनं सुतळी धरली. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत अठरा फूट आणि वर चार बोटं. बसत होती, चोपून बसत होती. मग त्याची नजर फळीवर गेली. भिंतीपासून वीतभर पुढे आलेली फळी. दारापासून फळीपर्यंत त्यानं सुतळी पुन्हा धरली. साडेसतरा.

संध्याकाळी हितेंद्रला सांगितलं, "नाही मावत, हितूबाबा. अर्धा फूट कमी पडतो."

फळीचं नाव काढलं नाही. फळी आहे तोवर हे माप खरंच आहे, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हितेंद्रनं खरोखरच विषय संपवला होता. पण त्याच्या मित्राला, अभयला, कुणाच्या सुतळीवर विश्वास नव्हता. शनिवारी सकाळी हे दोघे जीपला ट्रेलर जोडून बोट घेऊनच अंगणात हजर. हितेंद्र ओशाळला. "काका, हा ऐकतच नाही. म्हणतो एकदा लावून बघू, नाही बसली तर परत नेतो. अर्धा तास तुमची खाट बाहेर घेऊ का?"

दगडूनं स्वतः एका बाजूनं खाट उचलली. फळी आत होती. त्याला घोर नव्हता.

चाळीची सगळी गॅलरी कठड्याला लागली. बोट दिसायला देखणी, पांढरीशुभ्र, नाजूक. अभय स्टिअरिंगवर बसला आणि तमाशा सुरू झाला. ट्रेलर डावीकडे हवा तर हा डावीकडे मारी आणि ट्रेलर उजवीकडे पळे. घाईनं उलटं मारी, की कात्री मिटे. तिसऱ्या खेपेला नलूच्या तुळशीची कुंडी गेली.

"अरे, बोट चालवतोस की बुलडोझर?" नलू वरून ओरडली. "कुंडी भरून दे माझी!"

पाचव्या खेपेला ट्रेलरचं चाकावरचं पत्र्याचं पांघरूण खांबाला घासलं. तो आवाज दगडूच्या दातांत गेला. टाकीच्या कट्ट्यावर बसलेल्या दगडूचा उजवा हात मांडीवर आपसूक फिरत होता. उजवीकडे, सोड. उजवीकडे, सोड.

अभय घामाघूम होऊन खाली उतरला. "सोड यार हितेंद्र. परत नेऊ. मावणं राहिलं बाजूला, ह्या भोकात कोणाच्या बापाला ट्रेलर घालता येणार नाही."

वर नलूनं देवाला हात जोडले. दगडूनं आणखी दोन मिनिटं गप्प बसायचं होतं, एवढंच. बोट गेली असती, खाट आत आली असती.

दगडू उठला.

"किल्ली आत आसा मां?" एवढंच म्हणाला आणि जीपमध्ये चढला.

"मामा!" नलूची हाक आली. त्याला ऐकू गेली नाही. त्यानं जीप पुढे काढली, सरळ केली, आरशात एकदा बघितलं आणि मग आरसा सोडून मान मागे वळवली. सत्तरीची मान, पण तेवढा वेळ वय विसरली. स्टिअरिंग उजवीकडे, सोडलं. बोट डावीकडे झुकली, खांबापासून चार बोटं ठेवून वळली आणि दारात अशी सरकली, जशी सुरी म्यानात. गॅलरीत शिट्ट्या झाल्या. अभयनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि तोंड उघडंच ठेवलं. चाळीस वर्षांत दगडूनं ट्रेलर मागे घेतला नव्हता, आणि त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते रखमा गेल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं ब्रेक दाबला. बोटीची मागची कड देवांच्या फळीपासून दोन बोटांवर थांबली होती. ट्रेलरचा पुढचा दांडा दाराबाहेर. दार लागणार नव्हतं.

हितेंद्र बाजूनं अंग चोरून आत गेला. मोबाइलच्या उजेडात त्यानं मागची भिंत बघितली. फळी बघितली. फळीनं किती जागा अडवली आहे तेही बघितलं. त्याला काही सुतळी लागली नाही. बाहेर आला तेव्हा आवाज खाली आला होता.

"काका, तुम्ही..." म्हणाला आणि थांबला. मग घाईघाईनं, "राहू दे. रखमाकाकींचे देव आहेत. परत नेतो मी."

ओरडला असता तर बरं झालं असतं. ते अर्धवट सोडलेलं 'तुम्ही' दगडूला झोंबलं. हा मुलगा म्हणाला होता, तुमच्या शब्दाबाहेर नाही. वर सगळी चाळ वाकून बघत होती, की एवढी सुरेख गेलेली बोट अडली कशाला.

"स्क्रूड्रायव्हर दे," तो अभयला म्हणाला.

"काका, नको—" हितेंद्र पुढे झाला.

"बाजूला व्हा, हितूबाबा."

बोट आणि भिंत यांच्यामधून तो आत शिरला. देव एकेक करून खिशात घातले. एरवी पाट मांडून मगच देव उतरवणारा माणूस, पण आता हात रिकामा नव्हता. चार स्क्रू. तीन सुटले. चौथा गंजलेला, तो निघेना. दगडूनं फळीला खांदा लावला आणि ती गिलाव्यासकट उपटली. भिंतीला भोक पडलं, आतली लाल वीट दिसली.

पुन्हा जीपवर बसून त्यानं ट्रेलर मागे रेटला आणि जीपपासून सोडवला. बोट आत गेली. चार बोटं उरली. दार लागलं.

"बघा, मावली," हितेंद्र म्हणाला. आनंद करावा की नाही, हे त्याला समजत नव्हतं.

"माप चुकला माझा," दगडू म्हणाला. वरच्यांना ऐकू जाईल असं. गॅरेजची किल्ली हितेंद्रच्या हातात दिली आणि अंगणातल्या आपल्या खाटेवर जाऊन बसला.

नलू खाली आली. आज ती भांडली नाही. पदर पसरून तिनं देव मागून घेतले. "माझ्याकडे राहतील तोवर," म्हणाली. 'तोवर' म्हणजे कधीपर्यंत, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

"कित्या केलात मामा? उठलात कित्या?" त्याच्याच बोलीत तिनं विचारलं.

दगडू हाताकडे बघत राहिला. तळव्याला स्टिअरिंगचा काळा डाग लागला होता.

"बघवला नाय गो माका," तो म्हणाला.

दुपारी त्यानं दर्शनाला फोन लावला. ती एवढी खूश झाली, की तिकडून तीन वेळा विचारलं, "खरंच येताय ना बाबा?" मग आवाज जरा उतरवून, "बाबा, फक्त खाट नका आणू हां. मी बघितलं सगळीकडे. नाही बसत."

दगडू उठला. ज्या खाटेवर तो बसला होता, तिच्या पायथ्याकडची नवार रखमाच्या टाचांनी सैल झालेली होती. त्यानं उभ्या-उभ्याच ती हातानं जरा ताणून बघितली.

"बरा," तो फोनवर म्हणाला. "नाय आणणय."

तिची खोली किती बाय किती, हे त्यानं विचारलं नाही.