न्हावऱ्यात थांबवलेला सिनेमा

पुण्याहून दौंडपर्यंत डेमू लोकल, तिथून शिरूरची एसटी, असं करत मी न्हावऱ्याला निघालो तेव्हा पिशवीत प्रोजेक्टर होता. मी सिनेमातून नीती शिकवतो. ऐन निर्णयापाशी सिनेमा थांबवायचा आणि विचारायचं, ‘आता हिने काय करावं?’ कॉलेजात पोरं धडाधड उत्तरं देतात. गावच्या मोठ्या माणसांपुढे मात्र हा पहिलाच प्रयोग होता.

एसटीत शेजारच्या मामांनी पिशवीकडे बोट दाखवलं. “मशीन इकायला आलाय व्हय?”

“नाही, सिनेमा दाखवायला.”

“तिकीट हाय?”

“फुकट आहे.”

“मग येतील समदी,” मामांनी धीर दिला.

आणि खरंच शाळेचा हॉल भरला. गावाला जवळचा वाटेल म्हणून मी दूध केंद्रावरचा लघुपट निवडला होता. त्यातली मुलगी पुढाऱ्याचं दूध तपासते आणि त्यात पाणी निघतं. तिथे मी सिनेमा थांबवून प्रश्न टाकला. सगळ्या माना मागे वळल्या, एका तरुण बाईकडे.

शेजारच्या मास्तरांनी कानात सांगितलं, ती रेहाना, गावच्या केंद्रावर दूध तपासते. आठवड्यापूर्वी तिने दूध संस्थेच्या अध्यक्षांचं, आबांचं दूध पाणी लागलं म्हणून परत दिलं होतं. उद्याच्या मीटिंगमध्ये तिला काढायचं ठरलं होतं. आबा पहिल्याच रांगेत होते. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं वेगळं, मी तो तिच्या पायावर पाडला होता.

आबा उठले. “परत द्यावं हिनं दूध,” पडद्याकडे बघत ते म्हणाले. मग रेहानाकडे वळले. “माझं बी रेहानानं परत दिलं. पाणी म्या घातलं नव्हतं. किटली इसळलेलं पाणी तसंच ऱ्हायलं आत. पर तिला ते कसं कळावं? चारचौघांत लाजलो, म्हून राग धरला. उद्या तिचा इषय निघायचा न्हाई.”

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी मटकन खुर्चीत बसलो.

मास्तरांकडचा गोड चहा पिऊन संध्याकाळी केंद्रावर गेलो. रांगेत पहिले आबाच. “आधी माझी डिग्री बघ, पोरी.” रेहानाने दुधाच्या दाटपणाचं ते माप घेतलं. डिग्री बरोबर लागली तशी सगळी रांग एकदम बोलायला लागली.

निघताना मी तिला हळूच विचारलं, “नसती लागली तर?”

“परत दिलं असतं, सर,” ती हसून म्हणाली. “आता तर आबांनीच सांगितलंय.”

शिरूरला पुण्याची गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. शिरूर मागे पडल्यावर लक्षात आलं, सिनेमाचा उरलेला भाग दाखवायचा राहूनच गेला होता. आणि शेवट काय झाला, हे कुणी विचारलंही नव्हतं.