न केलेल्या कामाचे प्रमाणित बिल

वार क्रमाने देतो. तारखा पत्रव्यवहारात आहेत, मागणाऱ्यास दाखवीन. सोमवार: खराडीतील एका कंपनीने बाहेरून काम करणाऱ्या आम्हा सर्वांना कळवले की यापुढे हाताने लिहिलेले बिल चालणार नाही. बिल प्रमाणित सॉफ्टवेअरमधूनच द्यावे आणि पूर्वतयारी म्हणून एक चाचणी बिल करून पाहावे. जबाबदार: खरेदी विभागाचे प्रमुख. मंगळवार: ते मी केले. जबाबदार: मी, सूचना पाळली एवढ्यापुरता. गुरुवार: ते बिल रद्द करावे असे माझे पत्र त्यांना पोचले. शुक्रवार: माझ्या नावापुढे ‘न केलेल्या कामाचे बिल सादर’ असा शेरा पडला. जबाबदार कोण, हे अद्याप कोणी सांगत नाही.

मी न्यायालयात भाषांतरकार होतो. निवृत्तीनंतर कर्वेनगरातील घरी बसून खरेदीखते आणि करारनामे भाषांतरित करतो आणि प्रत्येकाखाली ‘मुळाबरहुकूम’ असे लिहून सही करतो. लोक त्या सहीवर विसंबतात. माझ्याजवळ विकण्यासारखे दुसरे काही नाही. माझ्या बिलबुकातून आजवर एकही पान फाडले गेलेले नाही. बिल चुकले तर दोन तिरप्या रेघा, ‘रद्द’ हा शब्द, कारण आणि सही.

सॉफ्टवेअरमध्ये कामाचे वर्णन ठरलेल्या यादीतूनच निवडायचे होते. यादीत ‘चाचणी’ नव्हते. म्हणून ‘भाषांतर’ निवडले आणि शेऱ्याच्या चौकटीत ‘केवळ चाचणी, काम केलेले नाही’ असे स्वच्छ लिहिले. बिल तयार झाले आणि आपोआप कंपनीकडे गेले. त्यावर ‘प्रमाणित’ हा शब्द उमटला, चौकोनी कोड उमटला. माझा शेरा तेवढा उमटला नाही.

मी तत्काळ बिल रद्द करण्याचा सकारण अर्ज लिहिला, त्याची प्रत काढली आणि त्याच दुपारी पोचपावतीसह टपालात टाकला. निघताना पत्नी म्हणाली, “अहो, तिथेच खाली ‘रद्द करा’ असं लाल बटण आहे.”

“आपलाच दस्त आपणच पुसायचा, कोणाला न कळवता? त्याला खाडाखोड म्हणतात.”

“बरं. मग पत्र पोचेपर्यंत त्या बटणाला थांबायला सांगून ठेवा.”

बटण थांबले नाही. त्याची मुदत एक दिवसाची होती.

शुक्रवारी शेरा पाहताच कंपनीच्या मदत कक्षाला फोन केला. “काका, तुम्ही टाइममध्ये कॅन्सल नाही केलंत ना, आता बिल लॉक झालंय,” तिथली मुलगी म्हणाली.

“मी आपला काका नाही. अर्ज मुदतीत टाकला आहे. टपालाचा शिक्का पाहा.”

“सर, पोस्टाने आलेलं सिस्टिममध्ये दिसत नाही.”

“टेबलावर दिसतं का?”

“हो, समोरच आहे.”

“काय लिहिलंय त्यात?”

“की हे ट्रायल बिल आहे, काम केलेलं नाही.” तिने वाचून दाखवले. “पण सर, रिमार्क काढायचे राइट्स आम्हाला नाहीत.”

“कोणाला आहेत?”

“ते सांगता नाही येणार.”

पुढच्या सोमवारी कंपनीच्या सभागृहात आम्हा सर्वांची बैठक झाली. शेरे पडलेल्यांची यादी पडद्यावर झळकली; माझे नाव चौथे. शेजारी बिबवेवाडीचे एक छपाईवाले बसले होते. त्यांना या कंपनीत मीच शिफारशीने आणले होते. ते हळूच म्हणाले, “असू द्या साहेब. चालतं एखाद्या वेळी.”

त्यांनी मला क्षमा केली. न केलेल्या गुन्ह्याची क्षमा स्वीकारण्याची तरतूद माझ्या माहितीतल्या कोणत्याही कायद्यात नाही.

बटण दाबले नाही, ही माझी चूक. ती मी येथे लेखी मान्य करतो. परंतु न केलेले काम केले असे सांगणे ही चूक नसते, लबाडी असते, आणि ती आता माझ्या नावावर नोंदली गेली आहे. ज्या हाताने मी ‘मुळाबरहुकूम’ लिहितो, त्याच हाताची ही नोंद.

माझी मागणी एकच आहे. खरेदी विभागाच्या प्रमुखांनी पुढील बैठकीत, त्याच पडद्यासमोर आणि त्याच लोकांदेखत उभे राहून सांगावे: हा शेरा कोणी लिहिला, आणि लिहिताना त्याने टेबलावरचे माझे पत्र वाचले होते की नाही. फोनवरची दिलगिरी मी घेणार नाही. मी पहिल्या रांगेत बसेन.