खोलीत दरवळलेला लसूण
लसणाचा वास आला की सासूबाईंवर मी विनाकारण ओरडलो होतो, ते आठवतं. बायकोच्याच रक्तातल्या पेशी काढून, कॅन्सरशी लढण्यासाठी प्रयोगशाळेत बदलून, गोठवून बंगळुरूच्या त्या हॉस्पिटलात परत आणल्या होत्या. बाकीचे उपचार हरले होते. आशा होती ती त्या छोट्याशा पिशवीची. पेशी नळीतून उतरू लागल्या आणि खोलीभर लसूण दरवळला. जंतुसंसर्गाच्या धास्तीने बाहेरचं खाणं बंद होतं. मी भडकलो, “आई, बजावूनही चटणी आणलीत? पोरगी जगायला हवी ना तुम्हाला?” त्या उठून बाहेर गेल्या. बायको म्हणाली, “अहो, आईला कशाला बोललात? चव माझ्याच तोंडात आलीय, फोडणी गिळल्यासारखी!” नर्सनेही सांगितलं, पेशी गोठवताना घातलेलं औषध श्वासातून बाहेर पडतं, त्याचाच हा वास. मी लगेच बाहेर जायला हवं होतं. लाजेपोटी गेलो नाही. आता बायको बरी आहे. काल सर्जापूर रोडच्या आमच्या बाल्कनीत मायलेकी कपडे कुणी वाळत घालायचे यावर मजेत भांडत होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, “आई, त्या दिवशी हिची काळजी मला एकट्यालाच आहे, असं वागलो. माझं चुकलं.”