माझ्या आईची सवत

माझा भाचा, म्हणजे मनीषनगरात राहणारा माझ्या भावाचा मुलगा, निवृत्त झाल्यापासून घराण्याचा इतिहास शोधतो. शोधतो म्हणजे पलंगावर लोळून फुकटच्या वेबसाइटींवर बोट फिरवतो. त्या वंशवृक्षाची लिंक त्यानं तिकडे परदेशात तुम्हा नातवंडांनाही पाठवली असेलच. उघडण्याआधी हे वाचा.

दिवाळीनंतर तो आला, उरलेला चिवडा संपवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आत्या, एक सांगून राहिलो, मनाला लावून घेऊ नको. आजोबांची दोन लग्नं झाली होती."

त्याचे आजोबा म्हणजे माझे वडील. कुणीतरी त्यांची लग्नपत्रिका ऑनलाइन टाकली आहे. तिच्यातलं वधूचं नाव शाळेच्या जुन्या निकालातही सापडलं. मतदारयादीत मात्र बायकोचं नाव वेगळं. म्हणून यानं वंशवृक्षात दोन बायका दाखवल्या: पहिली मॅट्रिक पास, निपुत्रिक, लवकर वारलेली, दुसरी अशिक्षित, आमची आई. निपुत्रिक आणि अशिक्षित कुठं लिहिलंय, विचारलं. "अंदाज," म्हणाला.

"अरे, लग्नात नाव बदलतात. ताटातल्या तांदळावर अंगठीनं तूही तुझ्या बायकोचं नवं नाव लिहिलंस ना? मग तुझ्याही दोन बायका दाखव."

"तिचं मला माहीत आहे नं. आजी तर मी पाहिलीच नाही. पुरावा पाहिजे, आत्या."

"मी तिची मुलगी आहे."

"ते तोंडी झालं."

याच गृहस्थानं आपलं मूळ जुन्या राजदरबारातल्या एका सरदाराला नेऊन जोडलं आहे. तो सरदार कुणा अनोळखी माणसाच्या वंशवृक्षावरून उचललेला. आडनाव सारखं, एवढाच पुरावा. तिथं तोंडीसुद्धा कुणी काही सांगितलेलं नाही.

मॅट्रिक झालेली ती माझीच आई. पोळ्या लाटताना ती माझ्याकडून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घ्यायची. उच्चार चुकला की लाटणं थांबायचं आणि बरोबर येईपर्यंत तवा तापत राहायचा. मी पुढं इंग्रजी शिकले, तुमच्या बाबाला शिकवलं आणि तो तिकडे पोचला. हे सगळं त्या ओट्यापासून सुरू झालं.

दुरुस्ती होईपर्यंत मी चहा ठेवला नाही. त्यानं तोंड वाकडं करून बोट फिरवलं.

"झालं. पहिली काढून टाकली. आजीला सवत नाही राहिली. आता तरी चहा दे."

मी पाहिलं. मॅट्रिक झालेली गेली होती. उरली होती ती लग्नानंतरच्या नावाची, आणि तिच्याखाली अजूनही 'अशिक्षित'.

"हे काहून ठेवलंस?"

"मॅट्रिक त्या दुसऱ्या नावावर आहे नं," तो म्हणाला.

चहा त्याला मिळाला नाही.

त्या वंशवृक्षात कुणीही बदल करू शकतं, हे तोच मिरवून सांगतो. मग तुम्ही करा. तिची दोन्ही नावं तुमच्या बाबाला पाठ आहेत. लहानपणीच मी ती त्याच्याकडून घोकून घेतली. एकाच बाईपुढे दोन्ही लिहा आणि शिक्षणापुढे मॅट्रिक. भाच्यानं पुरावा मागितला तर सांगा, तिची मुलगी, आमची आजी, अजून नागपुरातच आहे.