पट्टीकाकांना न ओळखणारा दिवा

तिसऱ्या मजल्यावरचे पट्टीकाका मागच्या हिवाळ्यातच वारले, फक्त त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही, अशी कुजबुज इमारतीत सुरू होती. कोणी सुरू केली ते विचारू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, एवढंच सांगून ठेवतो.

झालं होतं असं. मजल्यांवरच्या बोळांत आपोआप लागणारे दिवे बसवले. बोळाला खिडकी नाही, भर दुपारीही मिट्ट काळोख. शिंपीणबाई आल्या की दिवा लागे, मांजर आलं तरी लागे. पट्टीकाका आले की ढिम्म.

काकांनी तीस वर्षं रस्त्याच्या मधोमध पांढरी पट्टी मारली होती. रंगाची गाडी ढकलत, पावलापुढे पाऊल, अगदी नाकासमोर. नोकरी सुटली, चाल सुटली नाही. बायकोशी भांडून तणतणत बाहेर पडायचे, तेही सरळ रेषेत.

पेन्शनीसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. त्यावर सही इमारतीच्या सेक्रेटरींची, आणि सेक्रेटरी म्हणजे नियमांवर पोसलेला माणूस. दिवा आपल्यामुळे लागू नये म्हणून ते त्याच बोळातल्या आपल्या दाराआड उभे राहिले, नुसती मान बाहेर काढली आणि म्हणाले, "या चालत."

गाडीचा दांडा धरल्यासारखे हात पुढे करून काका बोळातून आले. काळोखच.

"काका, राग मानू नका. पण यंत्राला तुम्ही दिसत नाही. मी सही कशाच्या जोरावर करू?"

"अरे गाढवा, मी बोलतोय ना तुझ्याशी!"

"नुसत्या बोलण्याची नोंद होत नाही हो."

जिन्यातून शिंपीणबाई म्हणाल्या, "मांजर परवा यांच्या अंगावरून गेलं, थांबलंसुद्धा नाही."

तेवढ्यात काकी दारात आल्या. "अहो, जरा वाकडे चाला की!"

काका थिजले. "तीस वर्षांत माझी एक पट्टी वाकडी गेली नाही. आणि आता एका सहीसाठी?"

"पट्टी गेली खड्ड्यात! पेन्शन थांबली तर तुमच्या गोळ्या काय तुमच्या चालीवर मिळणार आहेत?"

काका परत आपल्या दाराशी गेले. चारचौघांत सदरा काढायला सांगावं तसा चेहरा झाला होता. डोळे मिटून त्यांनी एक पाऊल उजवीकडे टाकलं, दोन डावीकडे, मग भिंतीला खांदा घासत पुन्हा उजवीकडे.

लख्ख उजेड पडला.

सेक्रेटरींनी दारालाच कागद टेकवून सही ठोकली आणि खाली वेळही लिहिली. काकांनी दाखला घेतला, कोणाकडे बघितलं नाही, आणि घरात जाऊन दार लावलं. चहा पुढे आला तरी ते तासभर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

खरं एवढंच होतं की तो दिवा आडवी हालचाल टिपतो. सरळ त्याच्या दिशेने हळूहळू येणारा माणूस त्याला सहसा दिसत नाही. काका जिवंत होते.