चालीवर चालणारी रिक्षा

नांदेडातला आमचा रिक्षावाला दर रविवारी मोबाइलवर साठच्या दशकातल्या हिट गाण्यांचा काउंटडाउन लावतो आणि गाण्याच्या चालीनं रिक्षा हाकतो. नाचाचं गाणं लागलं की चाकं जमिनीला शिवत नाहीत. विरहाचं लागलं की मागच्या म्हशी पुढं निघून जातात.

परवा अहमदपूरला मेहुण्याचा साखरपुडा होता. अंगठी माझ्या खिशात, आणि तिसऱ्या नंबरावर विरह!

"भाऊ, एसटी सुटेल!"

"एसटी मागून दुसरी हाय, साहेब. असलं गाणं न्हाई."

दुसऱ्या नंबरावर नाचाचं लागलं. आम्ही उडालो ते थेट सुटलेल्या एसटीपुढं आडवे.

"बाजूला घे की!" ड्रायव्हर खेकसला.

यानं मोबाइलचा आवाज वाढवला. "मामा, पहिला नंबर लागून राहिला."

मी धावत एसटीत चढलो, तर ड्रायव्हरमामांनी इंजिनच बंद केलेलं अन् कान खिडकीबाहेर काढलेला.